दोन चाळीसला कोण शोधतं

आधीच सांगतो, माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. भारी शब्द मला सुचत नाहीत, आणि जे ऐकलं ते लिहायला त्यांची गरजही पडली नाही.

मी बडोद्याच्या एका रक्तपेढीची व्हॅन चालवतो. पेढीचं नाव लिहीत नाही. माझ्या आधी हीच गाडी पिलाजीकाका चालवायचे, एकोणतीस वर्षं. गेल्या मार्चमध्ये ते रिटायर झाले. पण रात्रपाळीची सवय अंगात मुरलेली, घरी झोप लागत नाही. मग आठवड्यातून दोन-तीनदा निजामपुऱ्याहून स्कूटरवर सयाजीगंजला येतात आणि पेढीच्या ओट्यावर आमच्याबरोबर बसतात.

त्या रात्री मी कारेलीबागेच्या एका हॉस्पिटलात दोन पिशव्या पोचवून आलो. सहा जानेवारीची रात्र, मंगळवार. दोन वाजायला आले होते, म्हणजे तारखेनं सात लागली होती. थंडी चांगली होती. काकांनी मफलर कानावरून घेतला होता. काउंटरवरचा वरद थर्मास घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या जमान्यात बरं होतं. रजिस्टर कधी बेसून जात नव्हतं, बंद पडत नव्हतं."

"आता काय बेसलं?"

"सिस्टिम. या वेळेला एक नाव शोधायला दहा मिनिटं. रोज. नव्या वर्षापासून चाललंय."

"या वेळेला म्हणजे किती वाजता?"

"अडीच-पावणेतीन. का?"

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं चहात साखर कमी असेल.

"कोणत्या तारखेपासून?"

"दोन तारखेपासून. काका, तुम्ही कॉम्प्युटर रिपेर करणार का आता?"

वरद हसला. काका हसले नाहीत. म्हणाले, "बसा दोघं. शुभंकरला तुम्ही पाहिलेलं नाही. त्याच्या बाबतीत झालेलं सांगतो."

पुढचं काकांच्या तोंडचं आहे. जसं आठवतंय तसं लिहितो.

---

शुभंकर आपल्या पेढीचा डेटाबेस सांभाळायचा. डेटाबेस म्हणजे काय, हे त्यानंच मला समजावलं होतं. पेढीच्या गुजरातभर बावीस शाखा. प्रत्येक दाता, प्रत्येक शिबिर, प्रत्येक पिशवी, दात्याला केलेला प्रत्येक फोन, सगळ्याची एकेक ओळ. सगळ्या एकाच तक्त्यात. गेल्या वर्षी त्या तक्त्यात एक कोटी बारा लाख ओळी होत्या.

दोन जानेवारीला पहिली तक्रार आली. तेव्हा रात्री लॅबला दीप्ती असायची. ती म्हणाली, रात्री दोन चाळीसला गटावरून दाता शोधायला गेलं की अकरा मिनिटं लागतात, तीही सर्व्हर बंद करून परत चालू केला तर. शुभंकरनं दिवसा करून पाहिलं. दोन सेकंद.

पोरगा हुशार होता. गडबड करत नसे. आधी म्हणाला, बॅकअप त्याच वेळी चालत असेल. बॅकअपची वेळ बदलली. काही फरक नाही. मग म्हणाला, इंडेक्स बिघडला असेल. जाड रजिस्टरच्या कडेला अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवतात ना, तसा इंडेक्स. चिठ्ठी धरली की नेमकं पान उघडतं. चिठ्ठी नसली की पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचावं लागतं. त्यानं इंडेक्स नव्यानं बांधले. दिवसा आणखी पळायला लागलं. रात्री दोन चाळीसला... परत अकरा मिनिटं.

पाचव्या रात्री तो स्वतः येऊन बसला. मी चहा घेऊन त्याच्याजवळ. दोन चाळीस झाले आणि त्यानं यादी उघडली. त्या क्षणी कोण कोण मशीनला काय विचारतंय, त्याची यादी. एकेका प्रश्नाला क्वेरी म्हणतात. सगळ्या क्वेऱ्या ताटकळलेल्या. एकच चालू होती. ती कुठलाही इंडेक्स न धरता पहिल्या ओळीपासून तक्ता वाचत होती. आपला सर्व्हर तेव्हा जुना. समजा ऑफिसात शिपाई एकच, आणि सगळी कपाटं त्यालाच कोणी उपसायला लावलेली. दुसऱ्याला कागद मिळणार कसा?

"काका, ही कोण हो?" शुभंकरनं विचारलं. "युजर स्नेहलता. मशीन रेकॉर्ड-एक."

खोटं कशाला सांगू, माझ्या हातातला चहा सांडला नाही. पण मी तो प्यायलोही नाही.

स्नेहलताबाई आपल्याकडे रेकॉर्डला होत्या. सत्तावीस वर्षं. गुजराती लोक स्नेहबेन म्हणायचे. सगळं रजिस्टर त्यांच्या हातचं. दात्याचा फोन लागला नाही तर रिक्षा करून घरी जायच्या. रजिस्टरला शेऱ्याचा रकाना असतो, तो बाकीचे कारकून कोरा सोडतात. बाईंचा भरलेला असायचा. 'मुलीचं लग्न, पुढच्या महिन्यात बोलावणे.' 'सुईला भितो, बोलत राहणे.' दाता येऊन बसला की शेवटी एक शब्द लिहायच्या, 'आले'. मगच रजिस्टर मिटायचं. दोन हजार नऊला ती सगळी रजिस्टरं त्यांनीच एकटीनं कॉम्प्युटरात चढवली.

दोन हजार सोळाला वारल्या.

मी शुभंकरला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांच्या नावानं कोणीतरी लॉगिन वापरतंय." आणि ती क्वेरी मारली. मधेच बंद केली की यांच्यात असंच म्हणतात, मारली. त्याबरोबर सगळं पळायला लागलं. दीप्तीनं आतून ओरडून सांगितलं, चाललं म्हणून.

आम्ही रेकॉर्डची खोली उघडून पाहिली. टेबल होतं. खुर्ची होती. कॉम्प्युटर नव्हता. तो दोन हजार अठराला भंगारात गेला, मीच गाडीत घालून पोचवला होता. भिंतीतल्या केबलच्या भोकावर कोळ्याचं जाळं होतं. अख्खं.

दुसऱ्या दिवशी शुभंकर लॉगिन बंद करायला गेला. ते सात वर्षांपूर्वीच बंद केलेलं होतं.

रात्री दोन चाळीसला ती परत आली.

मग त्यानं नियम लावून दिला. दहा मिनिटांपेक्षा जास्त चालणारी क्वेरी मशीननं आपणहून मारायची. तशी ती रोज दोन पन्नासला मरायची. रोज दोन चाळीसला परत सुरू. पहिल्या ओळीपासून. शुभंकर म्हणाला, "काका, दहा मिनिटं सोसू. उत्तरायण झालं की निवांत बघतो." काय विचारतेय हे त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. यादीत क्वेरीची सुरुवात तेवढी दिसते, पूर्ण वाचायला ती उघडावी लागते. मारायची असलेली गोष्ट कोण उघडून वाचतं?

आली चौदा तारीख, आपली संक्रांत. उत्तरायण. संध्याकाळी फतेगंजच्या पुलावर देवश्री नावाची मुलगी स्कूटरवरून जात होती. बावीस वर्षांची. पतंगाचा दोरा गळ्यावर आला. सयाजीगंजच्याच हॉस्पिटलात आणली. ऑपरेशन झालं, पण रक्त फार गेलेलं. आणि तिचा गट निघाला बॉम्बे.

वरद, तुला माहीत आहे. लक्ष्मण, तुला सांगतो. हा गट दहा हजारांत एखाद्याचा. साध्या तपासणीत ओ दिसतो. पण या माणसाला ओ चालत नाही. दिला तर माणूस जातो. त्याला त्याच गटाचं लागतं.

आपल्या यादीत तसे दोनच दाते. एक कॅनडात. दुसरा सुरतेला, तो निघाला, पण धुकं. सातच्या आत पोचणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, साडेपाचच्या आत एक पिशवी द्या, पुढचं आम्ही सांभाळतो. तिचे वडील इथे, याच ओट्यावर बसले होते. मुलीची एक चप्पल हातात घेऊन बसले होते.

बावीस शाखांत शोध लावलेला. बॉम्बे, बॉम्बे, बॉम्बे. दोनच नावं परत परत.

दोन चाळीस झाले.

सगळं थांबलं. दीप्ती बाहेर आली आणि म्हणाली, "शुभंकर, मार ना ती. अजून दहा मिनिटं कशाला थांबायचं?"

त्यानं माउस नेला. आणि काय वाटलं कोण जाणे, मारायच्या आधी उघडली.

सगळी क्वेरी पडद्यावर आली. त्यानं मला वाचून दाखवलं. जिच्या शेऱ्यात 'ओ नव्हे' असे शब्द आहेत, ती ओळ दे.

...

तेव्हा मला आठवलं.

बाई शेवटच्या आजारात होत्या. मी भेटायला गेलो होतो. म्हणाल्या, "पिलाजी, त्या कॉम्प्युटरात गटाची यादी आठांचीच होती रे. बॉम्बे लिहायला जागाच नव्हती. अकरा जणांना मी ओ लिहिलंय, आणि शेऱ्यात लिहून ठेवलंय की हा ओ नव्हे. यादीत नंतर तो गट आणतील, तेव्हा कोणीतरी मला विचारेल. विचारलं तर सांग."

मी हो म्हणालो. कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

हे मी त्या रात्री शुभंकरला सांगितलं. त्यानं घड्याळ पाहिलं. दोन सत्तेचाळीस. तीन मिनिटांनी मशीन तिला मारणार होतं.

"नियम काढतो," तो म्हणाला. "शेऱ्याला इंडेक्स नाही. हिला सगळ्याच ओळी वाचाव्या लागणार. पाऊण तास तरी."

दीप्ती म्हणाली, "तू तुझी लाव ना. ही कशाला?"

"माझी पहिल्या ओळीपासून सुरू होईल. हिच्या पंधरा लाख वाचून झाल्यात."

दोन एकोणपन्नासला त्यानं नियम काढला. दोन पन्नास झाले. ती मेली नाही.

फोन वाजायला लागले. भरूच, आणंद, गोध्रा. सगळीकडे जखमी, सगळीकडे पडदे अडकलेले. अहमदाबादहून मॅनेजर अनीशभाईंचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. मारून टाक म्हणत होते, सगळं गुजरात अडकलंय. "मारी नाख ने भाई. आखुं गुजरात अटकी गयुं छे."

शुभंकर म्हणाला, "साहेब, तासभर सगळ्यांना फ्रीज उघडून हातानं पिशव्या शोधू दे. नेहमीचे गट समोरच आहेत."

"अने कोई मरी गयुं तो?"

शुभंकरनं दारातून ओट्याकडे पाहिलं.

"तो मारुं नाम लखजो."

माझं नाव लिहा म्हणाला, आणि फोन ठेवला.

वाचलेल्या ओळींचा आकडा पडद्यावर दिसत होता. तीस लाख. पन्नास लाख. बाहेर वडील. हातात चप्पल. सत्तर लाख. ऐंशी...

तीन एकतीसला ती यादीतून गेली.

पडदा रिकामा. उत्तर विचारणाऱ्याच्या मशीनवर जातं. विचारणारी आमच्यात नव्हती. शुभंकरनं डोकं धरलं. मग एकदम उठून बदलांची नोंद उघडली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, त्याचा हिशेब मशीन ठेवतं. शेवटच्या मिनिटात एक ओळ बदललेली होती. एकच.

बळवंतराव. घडियाळी पोळ. गट ओ. शेरा जुना होता: 'हा ओ नव्हे, बॉम्बे. घरी जाऊन सांगणे.' त्याच्यापुढे नवे दोन शब्द. 'आज बोलावणे.'

नंबर लावला. बंद. मी गाडी काढली.

पोळ कसली, जुनी अरुंद गल्ली. गाडी आत जात नाही. तोंडाशी लावली आणि चालत निघालो. वर तारांना फाटके पतंग लटकलेले. वारा नव्हता. एक कुत्रं माझ्याकडे पाहत होतं, भुंकत नव्हतं. गळ्याला काहीतरी लागलं. मी जागच्या जागी थिजलो. हात लावून पाहिलं. दोरा होता. वरून लोंबणारा. हळूच बाजूला केला.

तिसरं घर. मी कडीला हात घालायच्या आत दार उघडलं.

पन्नाशीचा माणूस. स्वेटर घातलेला. पायात बूट.

"बळवंतराव?"

"हो."

"रक्तपेढीतून आलोय. तुमचं रक्त..."

"चला," तो म्हणाला.

मी विचारलं, तुम्हाला कोणी कळवलं का? तो दाराला कुलूप लावत होता. म्हणाला, "दहा-बारा रात्री झोप नाही. अडीच वाजून गेले की जाग येते. कोणीतरी बाई नावं वाचतेय असं वाटतं. एकामागून एक. हळूहळू. आणि माझं यायच्या आत थांबते."

"आणि आज?"

त्यानं किल्ली खिशात टाकली.

"आज आलं."

---

काका इथे थांबले. आत फोन वाजत होता. वरद उठून काउंटरवर गेला. काचेतून तो आम्हाला दिसत होता. फोन खांद्याशी धरून त्यानं काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं हात वर करून आम्हाला पडदा दाखवला. गोल फिरत होतं.

मी मोबाइल पाहिला. दोन एकेचाळीस.

वरद आतच उभा होता. दोन्ही हात छातीशी बांधून. काका त्याच्याकडे पाहत होते, मीही. चार-पाच मिनिटं असंच. मग त्यानं फोनवर सांगितलं, थोड्या वेळानं करतो, आणि बाहेर येऊन आमच्या जवळ बसला. नेहमीपेक्षा जवळ.

"सर्व्हर तर नवा घेतलाय," तो म्हणाला. "शेऱ्यालासुद्धा इंडेक्स आहे आता."



मी विचारलं, "मग ती मुलगी?"

"वाचली. दीप्तीनं घाईच्या सगळ्या तपासण्या उरकल्या, सव्वापाचला पिशवी हॉस्पिटलात पोचली. पोरगी आता गळ्याला ओढणी गुंडाळून स्कूटर चालवते, मी पाहिलंय." काकांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी पेढीत पोचलो. शुभंकरनं ओळ उघडून ठेवलेली. शेऱ्यात आणखी एक शब्द आला होता. 'आले.' वेळ तीन बावन्न. तीन बावन्नला मी आणि बळवंतराव पोळमधून चालत बाहेर येत होतो."

"शुभंकर कुठाय आता?"

"पुण्याला. जायच्या आधी त्यानं शेऱ्यातून सगळे शोधून काढले. नऊ सापडले. बाई अकरा म्हणाल्या होत्या."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"मला दुसरंच खुपतं," काका म्हणाले. "तक्रार दोन तारखेपासून होती. मुलीला दोरा लागला चौदाला. मग त्या आधीच्या रात्री... ती कोणासाठी शोधत होती?"

वरद म्हणाला, "काका, यंदाही दोन तारखेपासूनच..."

"ऐकलं मी."

काका उठले. स्कूटरला किल्ली लावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "लक्ष्मण, तुझा गट कोणता?"

"ओ."

"कोणी तपासला?"

गावच्या शिबिरात अठराव्या वर्षी बोटाला टोचून एक कार्ड दिलं होतं. एप्रिलमध्ये कामाला लागलो तेव्हा मी ओ सांगितलं आणि त्यांनी ओ लिहिलं. रक्ताच्या पिशव्या रोज नेतो, पण सुईची भीती वाटते, म्हणून इथे मी कधी दिलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

काकांनी स्कूटर चालू केली. गेले.

सकाळी माझी पाळी संपली तरी मी घरी गेलो नाही. आठ वाजता दीप्तीताई आल्या. त्या आता दिवसपाळीला असतात. मी त्यांना म्हणालो, ताई, माझी ओळ जरा उघडता का? त्यांनी कारण विचारलं नाही. उघडली.

नाव लक्ष्मण. काम वाहनचालक. गट ओ पॉझिटिव्ह. शेऱ्याचा रकाना मी आलो तेव्हा कोरा होता.

आता त्यात दोन शब्द होते. 'परत तपासणे.'

दीप्तीताईंनी बदलांची नोंद काढली. सात जानेवारी. वेळ दोन त्रेचाळीस. लिहिणाऱ्याच्या जागी स्नेहलता.

त्यांनी पडदा बंद केला नाही. ड्रॉवरमधून रबराचा पट्टा काढला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. भिंतीवर कॅलेंडर होतं. उत्तरायणाला सात दिवस होते.

मी खुर्चीवर बसलो आणि बाही वर केली.